मेणाची पाटी

दाढी करू नकोस बाबा, शर्वाणी म्हणाली,
रोममध्ये ज्याच्यावर आरोप असे
तो आठवडेच्या आठवडे वस्तरा लावत नसे,
मळका झगा घालून चौकात फिरे,
दिसेल त्याचे हात धरी.
शाळेच्या नाटकात ती वकील आहे.
घरी सरावाला आरोपी मिळेना, म्हणून मी.

तिला माहीत नाही, शुक्रवारी
सोहारच्या आमच्या मंडळात
माझं नाव खरंच पुकारणार आहेत.
जालिंदर खोताचा देह गावी पाठवायला वर्गणी काढली,
त्यातल्या तीनशे बारा रियालांचा हिशेब लागत नाही.
आरोप राजोपाध्यांचा.
पुढच्या महिन्यात अध्यक्षपदाला
ते आणि मी, दोघंच उभे.

तीनशे बारा कुठे गेले ते मला ठाऊक आहे.
मासळीबाजाराच्या मागे एका दुकानाच्या ड्रॉवरमध्ये
जालिंदरचा पासपोर्ट गहाण होता.
पत्त्यांत हरला होता.
पासपोर्टाशिवाय मेलेल्यालाही विमानात घेत नाहीत.
पावती? असल्या देण्याची पावती कोण देतं?
आणि त्याच्या बायकोला मी फोनवर सांगून बसलोय,
वहिनी, तो कुणाचं काही लागत नव्हता.

ऐक ना, शर्वाणी म्हणाली,
एका म्हाताऱ्या सेनापतीच्या वकिलाचे शब्द संपले,
तेव्हा त्याने अशिलाचा सदराच टरकन फाडला.
छातीभर जखमांचे व्रण. पाठ कोरी.
पंच रडले. सुटला तो.
मी विचारलं, पैसे खाल्ले होते का त्याने?
खाल्ले असावेत, ती म्हणाली, आणि पान उलटलं.

माझा व्रण एकच, घड्याळाखाली, मनगटावर,
भट्टीतल्या ॲल्युमिनियमचा.
त्या रात्री सिग्नल तोडून
मला दवाखान्यात नेणारे राजोपाध्येच होते.
दंडही त्यांनीच भरला.
हे कुठल्या बाजूने मांडायचं?

शुक्रवारी मी दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला.
म्हणालो, पैसे जालिंदरसाठीच गेले.
कशावर, ते सांगणार नाही.
पुढचं वाक्य जमेना,
तेवढ्यात एसी घरघरला आणि सगळे वर बघू लागले.

तिथे म्हणे पंचांना मेणाची पाटी देत,
दोन अक्षरं कोरलेली, सोडा आणि धरा.
एक पुसायचं, एक ठेवायचं.
ज्याला ठरवता येत नसे
तो लिही, स्पष्ट नाही.

आमच्याकडे बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठ्या.
विरुद्ध नऊ. बाजूने आठ.
एक चिठ्ठी चार घड्या घातलेली,
पेन्सिलीने: कळत नाही.
बाद, चिटणीस म्हणाले, आणि टेबलावर टाकली.
त्यातल्या ळला एक गाठ होती,
वीस वर्षं शिफ्टच्या वहीत मी ती बघतो आहे.
मी वर पाहिलं नाही.
जाताना चिठ्ठी खिशात घातली.

दारातच शर्वाणी कमरेवर हात ठेवून उभी.
दाढी का केलीस?
आता तुला कोण सोडणार?