आधी हवा येते

लोकमान्यनगरात पाणी एक दिवसाआड.
बत्तीस वर्षं पहाटे साडेचारला
मी वॉल्व्हची चावी फिरवली,
कमरेएवढी, लोखंडी, हिवाळ्यात हाताला चिकटणारी.
आणि साडेपाचला कुठल्यातरी गच्चीवरून आवाज यायचाच,
"पाणसे, प्रेशर नाही हो!"

नाही, तर नाही.
जलूदहून घाट चढून येते नर्मदा,
दमते बिचारी.

एवढं पाणी सोडलं या इंदूरला,
पण स्वतः कधी घोट्याच्या वर उतरलो नाही.
बिलावलीच्या तलावावर गेलो
तरी चप्पल हातात, नजर सांडव्यावर.

रिटायर झालो तशी वेदवतीनं तिकिटं पाठवली.
तिची बँक पोर्ट ब्लेअरला.
इंदुमतीनं दोन किलो शेव बांधून घेतली,
जसं काही समुद्रालाच फराळाला बसवायचंय.

सेल्वम नावाचा पोरगा होडीच्या काठावर बसून
मोडक्या हिंदीत समजावत होता:
नाक दाबा, आतून फुंका,
कानांत प्रेशर येईल.
म्हटलं, बाबा रे, प्रेशरचं मला नको सांगूस.
तो हसला. काय समजला कोण जाणे.

पाठीवर नळकांडं, कमरेला शिसं,
तोंडात रबर, दातांनी घट्ट धरायचं.
वरची कवळी सैल आहे
हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मग पाणी डोक्यावरून मिटलं.

आधी नुसता आवाज.
खर्र. फुस्स. खर्र.
माझाच श्वास, पण
आधी कुठेतरी ऐकलेला.
कुठे, ते आठवेना.

आणि मग खाली प्रवाळ.

जुना पाइप कापला की आत असाच थर दिसायचा,
गाठीगाठींचा, फुगलेला,
आम्ही छिन्नी घेऊन बसायचो खरवडत.
इथे त्या थराचं अख्खं गाव झालेलं.
जांभळं काही, शिंगं फुटलेलं काही,
काही वळ्यावळ्यांचं, विचारात पडल्यासारखं.
दगड म्हणावं तर तोंडं उघडतायत,
झाड म्हणावं तर सावलीला कुणी बसत नाही.
पिवळे मासे माझ्या चष्म्यापर्यंत आले,
बघून घेतलं, गेले.

एवढं पाणी,
आणि एकाच्याही हातात बादली नाही.

मला इतकं भरून आलं
की सेल्वमला मी अंगठा दाखवला.
उभा, ताठ, मनापासून.
त्यानं मान हलवली,
दंडाला धरलं
आणि सरळ वर घेऊन आला.

पाण्याखाली अंगठा म्हणजे: मला वर न्या.
छान आहे म्हणायचं तर बोटांचं वर्तुळ करायचं.
सकाळी सांगितलं होतं त्यानं सगळं.
मी तेव्हा नळकांड्याचा वॉल्व्ह निरखत होतो,
पितळी, सुबक, एक थेंब गळत नव्हता.

सात मिनिटं झाली होती.
पुन्हा उतरायचं? त्यानं विचारलं.
मी म्हटलं, कान दुखतोय.
कान काही दुखत नव्हता,
कवळी निम्मी बाहेर आली होती.
होडीत इंदुमती शेव वाटत बसली होती,
तिनं विचारलं, काय होतं हो खाली?
मी म्हटलं, लाइन फार जुनी आहे.

आता चावी मालवीयांचा कैलास फिरवतो.
जाग मात्र मलाच येते, साडेचारला.
स्वयंपाकघरात दिवा न लावता
उघड्या नळासमोर उभा राहतो.
लोकांना सांगून सांगून जीभ झिजली होती,
घाबरू नका, आधी हवा येते, मग पाणी.
खर्र. फुस्स. खर्र.

हाच.
हाच तो आवाज.

"आलं का?" आतून इंदुमती.
मी अंधारात अंगठा आणि तर्जनी जुळवतो,
गोल, नीट, चुकायला नको म्हणून दोनदा.

"अहो, विचारतेय मी, आलं का पाणी?
आणि ती बादली सरकवा खाली."