दोरीसाठी ठेवलेलं भोक

तेवीस पोरं, दोन छोटे हत्ती,
पुढच्यात मी आणि कळण्याच्या भाकऱ्यांचं गाठोडं.
चोपड्याहून वर निघालं की केळी संपते,
मग तुरीचे सड, मग नुसते दगड,
आणि वळणावर एकदम सातपुडा,
उंबऱ्यात उभ्या पाहुण्यासारखा.

बंगला डोंगराच्या पहिल्या पायरीवर.
कौलं नवी, रंग नवा, पाटी नवी :
‘भिंतींना हात लावू नये.’
पोरांनी पाटी मोठ्यानं वाचली
आणि वाचता वाचता भिंतीला टेकली.

सायसिंग पावरानं कुलूप काढलं.
किल्ली एवढी थोरली की हितेश म्हणाला,
“सर, हाई किल्ली शे का पाना?”
आत गारवा. चुन्याचा वास.
काचेमागं साहेबाची काठी, साहेबाची बशी,
साहेबानं मारलेल्या वाघाची जागा.
वाघ वाळवीनं खाल्ला,
भिंतीत चार खिळे उरलेत.
पोरं त्या खिळ्यांपाशीच जास्त वेळ रेंगाळली.

मी कागदावरून सांगत होतो :
कोणत्या साली, किती खर्च, सागवान कुठल्या खोऱ्यातलं.
ऐकत होती पुढची दोघं,
तीही माझ्या चष्म्याच्या तुटक्या दांडीकडे बघत.

वर, आढ्याला टांगलेली लांब फळी,
तिला मळकी झालर.
झालरीची दोरी कप्पीवरून उतरते
आणि भिंतीतल्या भोकात शिरते.
“सर, हाई भोक कसाले शे?”
जमुना बारेला.
जूनपासून तिनं मला विचारलेला पहिला प्रश्न,
आणि माझ्या कागदावर भोक नव्हतं.

सायसिंग म्हणाला, “बाहेर जाऊन बघ.”

ती गेली. दोरी ताणली गेली.
फळी कुरकुरली, एकदा, मग पुन्हा,
आणि शंभर वर्षांची धूळ आमच्या डोक्यावर.
एक पाल पडली, दीपक किंचाळला,
मग सगळेच शिंकत, हसत फरशीवर आडवे :
“मी साहेब!” “मी बी साहेब!”
बावीस साहेब, एवढ्याशा दिवाणखान्यात.
“जमने, जोरात!”

थोड्या वेळानं हसणं ओसरलं.
वारा मात्र येतच होता,
एका लयीत, न अडखळता,
नऊ वर्षांच्या हातांना जमणार नाही इतका सारखा.
मला उगाच भीती वाटली.
मागच्या दारानं बाहेर गेलो.

मागचा ओटा. त्याला ना रंग ना पाटी.
जमुना भिंतीला पाठ लावून बसलेली,
दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली,
मांडीवर तुरीच्या शेंगा.
शेंगा सोलत होती.
पाय आपला आपण चालला होता.
“असं कुणी शिकवलं गं?”
तिनं मान हलवली. कुणीच नाही.
“हात मोकये ऱ्हातस ना, सर.”

तिची टाच जिथं टेकली होती
तिथं दगडाला खळगा होता,
वाटीएवढा, गुळगुळीत.
“सिमेंट घेऊन आले होते,” सायसिंग मागून बोलला,
“मी भरू नाही दिला.”
कुणाचा खळगा, ते त्यानं सांगितलं नाही.
मी विचारायला हवं होतं.
मी विचारलं, पिण्याच्या पाण्याची सोय कुठंय.

आतून हितेशचा आवाज, भोकातून, बारीक होऊन आलेला :
“थांबू नको व्हं!”
जमुनानं मला मूठभर दाणे दिले.
ओले, हिरवे, किंचित तुरट.
ते खात मी तिथंच उभा राहिलो,
बाहेर ऊन होतं आणि वारा नव्हता.

संध्याकाळी मोबाइलवर केंद्राचा फॉर्म भरायचा होता :
सहलीतून विद्यार्थ्यांनी काय शिकले.
मी ‘सागवान’ लिहिलं. खोडलं. परत लिहिलं.

उतारावर पोरं एकमेकांवर कलंडून झोपलेली.
जमुना गाठोड्याला डोकं टेकून,
चप्पल निसटलेली,
उजव्या पायाचा अंगठा हलत होता.
रस्ता खराब होता तो.
रस्त्यामुळंही असेल.