मांदेलीची पाठ

मंगळवारी खरारा करताना ती वळली,
दात दाखवले आणि परत समोर बघू लागली.
चावली नाही. सांगितलं फक्त.
मी बोटांनी चाचपत गेलो, मानेच्या उतारापासून मागे,
आणि डाव्या अंगाला, कण्यापासून चार बोटांवर,
कातडी थरथरली.
माशी नव्हती.

काशिदच्या वाळूत सात वर्षं चालतेय मांदेली.
रंगावरून नाव, आमच्या निशिगंधानं ठेवलेलं,
तेव्हा ती दुसरीत होती आणि तिला सगळंच
माशासारखं दिसायचं.
सात वर्षं. मुलं, नवरानवरी, फोटो,
एकदा एक वकील, शंभर किलोच्या वरचा,
उतरताना म्हणाला, घोडी जरा मंद आहे तुमची.

शनिवारच्या आत काहीतरी घालायला हवं होतं
जिनाच्या आणि तिच्या मधे.

रेवदंड्याला दुकानात फोम होता, रेक्झिन चढवलेला,
निळा, पांढरी शिवण, अठराशे रुपये.
तळहात ठेवला तर मऊ.
मुठीनं दाबला तर मूठ थेट खालच्या फळीला लागली.
आणि शिवण कुठे, तर बरोबर मधोमध, कण्यावर.
बघतो म्हटलं.
घरची घोंगडी, चार घड्या करून:
घाम पिते चांगला, पण घडीची कड कापते.
गोणपाटात वाळू राहते,
झटका, आपटा, खाडीच्या पाण्यात बुडवा, राहतेच,
घामात भिजली की काचपेपर.
घोडेवाला हरेश म्हणाला, दोन घाल, एकावर एक.
घातली. पट्टा कसाबसा शेवटच्या भोकापर्यंत पोचला,
तिनं पोट फुगवून धरलं
आणि कान मागे.

गुरुवारी मुरूडला, लियाकत पिंजाऱ्याकडे.
भुवयांवर कापूस, चहाच्या कपातही कापूस.
लोकरीचं खोगीर भरून द्या, म्हटलं, चांगलं जाडजूड.
तो हसला. "खोगीरभरती का म्हणतात ठाऊक आहे?
जो तो काहीबाही कोंबतो, आणि घोड्याला कोणी विचारत नाही."
मग त्यानंच विचारलं,
"घाम कुठे *येत नाही* तिला?"

हे मी सात वर्षांत पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी सुरूच्या बनाकडून चार फेऱ्या, रिकाम्या जिनानं.
उतरवलं. पाठ ओली, काळसर, वाफ निघणारी,
आणि दोन बाजूंना दोन तुकडे कोरडे, तळहाताएवढे,
ओहोटीत उघडे पडलेले खडक जसे.
निशिगंधानं जीन पुन्हा नुसतं ठेवलं, पट्ट्याशिवाय,
खाली हात सरकवला.
"बाबा, इथे अडकला."
तिची बोटं पांढरी पडलेली.
"कमान बसलीय याची. बूट चावत असेल
तर वर दुसरा मोजा चढवून काय होणार?"
नववीत आहे. हे कोणी शिकवलं तिला, विचारलं नाही.

खोगीर मात्र घेतलं लियाकतकडून,
मेंढीच्या लोकरीचं, दोन लांब उशा, मधे
कण्यासाठी वाट सोडलेली, वारा जाईल एवढी.
नऊशे म्हणाला, आठशे घेतले.
ते खुंटीला आहे.
जीन नांदगावच्या सुताराकडे आहे, तो म्हणतो सोमवार,
म्हणजे गुरुवार.

आज शनिवार. गाड्या पार नाक्यापर्यंत.
मी तिला दोरीनं धरून पाण्याच्या कडेनं चालवतोय,
पाठीवर काही नाही, ऊन आहे थोडं.
हरेशची तिसरी फेरी चालू.
एक मुलगा धावत आला, मुठीत शंभराची नोट चुरगळलेली.
एक राउंड कितीला?
आज नाही, म्हटलं.
मग नुसता हात लावू?
मी उजवीकडची बाजू दाखवली.
त्यानं लावला, नोटेसकट.

ती खालची वाळू हुंगत राहिली.
मी कातडीकडे बघत होतो.