वजावट

यासीन पांगारकर चारही पट्टे आवळल्याशिवाय
मीटर टाकत नाही.
मागची दोन बक्कलं, पुढची दोन,
मग माझं चाक धरून एकदा हलवून बघतो,
नारळ कानाशी धरून बघावा तसं.
तोवर चुनाभट्टीच्या गल्लीत
मागे तीन रिक्षा, एक पाण्याचा टँकर
आणि सगळ्यांचे हॉर्न.
सहा मिनिटं. कधी आठ.
"ही मिनिटं कुणाच्या खात्यात टाकायची?"
"टाका की कुठंही. तुम्ही हिशेबवाल्या."

हिशेबवाली तर आहेच.
माटुंग्यात, तळमजल्यावरच्या ऑफिसात
एकोणीस वर्षं लोकांची विवरणपत्रं भरते.
कुठला खर्च कुठल्या कलमात घातला की हलका होतो
हे मला वासावरून कळतं.
एका हिरेवाल्याच्या परदेशी गाडीचा घसारा
दरवर्षी मीच काढते.
गाडी नुसती उभी राहून झिजते
आणि झिजल्याबद्दल त्याचा कर उतरतो.

परवा यासीननं पिशवी टेबलावर ओतली.
कुर्ल्याच्या भंगार गल्लीतली पावती:
जाड खवल्यांचा पत्रा, अठ्ठावीस किलो.
वेल्डिंगची मजुरी, वहीच्या पानावर, पेन्सिलीनं.
बिजागऱ्या. बाहेरून मागवलेले पट्टे,
त्यांच्यावरचा कर वेगळ्या ओळीत, ठळक.
मधली सीट काढली, तिचं काहीच नाही.
"जी गेली तिची कसली पावती?"
आणि सगळ्यांत खाली, चार घड्या घातलेलं चलान:
वाहनात अनधिकृत बदल.

मी तो शेवटचा शब्द दोनदा वाचला.

"जून लागला की पत्रा काढतो, बाई," तो म्हणाला.
"हप्ता थांबत नाही.
तुमच्याकडून दुप्पट घ्यायची लाज वाटते
आणि एकपट घेतलं की पोरीची फी राहते."
मी गप्प. कारण दुप्पट मी दिलेलं आहे, दुसऱ्यांना,
केईएमला जायला, मावसबहिणीच्या लग्नाला जायला,
आणि एकदा, खोटं कशाला बोलू,
नुसताच वरळीचा समुद्र बघायला.
त्या महिन्यात गॅस उधारीवर आला.

रात्री अर्ज लिहायला बसले.
महोदय, लिहिलं, आणि अडले.
फॉर्मात रकाने आहेत:
मालवाहू. प्रवासी. शाळेची बस. शववाहिनी.
शववाहिनीला रकाना आहे.
जिवंत माणसाला खुर्चीसकट नेणाऱ्या गाडीला नाही.
मी समासात पट्टीनं एक चौकट आखली
आणि तिच्यात बरोबरची खूण केली.

महोदय, पत्र्यावरचा कर सोडा.
पट्ट्यांवरचा सोडा. परवान्याच्या फीत काही बघा.
गेलेल्या सीटला घसारा लागतो का, तेही बघा.
आणि ती सहा मिनिटं,
ती त्याच्या भाड्यात नाहीत, माझ्याही पगारात नाहीत,
ती कुठल्यातरी खात्यात घ्या.
सवलत म्हणजे उपकार नव्हे,
हे मी हिरेवाल्याकडून शिकले.
तो कधी आभार मानत नाही.
सही करतो आणि निघून जातो.

पुरावे जोडावेत, असं खाली बारीक छापलंय.

सकाळी दाराबाहेर आले.
पत्रा टेकतो तिथं फरशीवर पांढरे ओरखडे,
तिरके, एकावर एक.
मोजत गेले. एकशे बारापर्यंत नीट लागले,
पुढचे एकमेकांत मिसळलेत.
फोटो काढून झेरॉक्सवाल्याकडे छापून घेतला.
काळ्या-पांढऱ्यात तो
कुणीतरी फरशी घासून अर्ध्यात सोडून दिल्यासारखा दिसतो.
तरी जोडलाय.

यासीन खालून हॉर्न देत नाही.
पत्रा उघडतानाच असा वाजतो
की समोरच्या छज्जावरची कबुतरं उठतात
आणि जगदाळे खिडकीतून म्हणतात,
"निघालात वाटतं."

निघाले.
तिसरं बक्कल लागलंय, चौथं जरा अडतंय.
आज एप्रिलची सव्वीस.