स्थानिक साहित्य

पेटी आली जूनच्या तिसऱ्या आठवड्यात.
टेम्पोवाल्याने व्हरांड्यात उतरवली,
कन्नड पावतीवर सही मागितली.
माझी सही कुठल्याही भाषेत एकच,
एक रेघ आणि दोन टिंबं.

आत चित्रांची कार्डं, गुळगुळीत,
शाईचा वास अजून न गेलेली.
पहिल्यावर खार. अ, अळिलु.
बेळगुंदीच्या माझ्या वर्गात अ अननसाचा,
आणि अननस पेटीत कुठेच नव्हता.

मग शहापूरच्या दुकानातले साड्यांचे खोके कापले,
लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी जमवल्या,
मैद्याची खळ शिजवली.
खारीला अ वरून उचललं, ख वर नेऊन बसवलं.
तिने हरकत घेतली नाही.
झाडावरून झाडावर जाताना
खार कुठे विचारते, हे झाड कुणाचं?
शिवलीला मात्र म्हणाली,
"बाई, गोकाकला आज्जीकडं ती अळिलुच हाय."
कार्डाच्या पाठीवर मी अ तसाच राहू दिला.

ळ ने कुठला शब्द सुरू होत नाही,
पुस्तकंही तिथे येऊन अडखळतात,
बाळाचं नाहीतर कमळाचं शेपूट दाखवतात.
मी टेबलावर रताळं ठेवते,
माती लागलेलं, भरमाच्या शेतातलं.
ळ म्हणताना जीभ मागे वळते
जशी बैलजोडी बांधाशी वळते,
आणि त्या वळणावर दोन्ही भाषांची चाकोरी
एकच.

दिवाळीनंतर वाक्यं.
खिडकीपासून कपाटापर्यंत दोरी,
कपड्यांचे चिमटे चव्वेचाळीस.
लाल पट्टीवर कोण,
पिवळीवर काय नाहीतर कुठे,
हिरवीवर क्रियापद.
आई भाकरी थापते.
म्हैस पाणी पिते.
शिवलीलाची म्हैस एकदा भाकरी थापून गेली,
त्या दिवशी अकरा मुलांचा वर्ग
शेजारच्या वर्गाने भिंत ठोकेपर्यंत हसला.
"क्रियापद शेवटी," मी सांगत असते,
"ते आल्याशिवाय वाक्य घरी पोचत नाही."

वैजूने लावलं: बाबा. गोव्याहून.
आणि थांबला.
हिरवा डबा उपसला.
आला, उचललं, ठेवलं.
येणार, तेही ठेवलं.
येतो, याच्याकडे बराच वेळ बघितलं;
गणपतीतही फोनवर त्याने येतोच ऐकलं होतं.
चिमटा रिकामा लटकत राहिला
शुक्रवार, शनिवार.
केर काढताना मी त्याच्याखालून वाकून गेले.

सोमवारी त्याने दप्तरातून पुठ्ठा काढला,
बिस्किटाच्या पुड्याचा,
दातांनी कुरतडून पट्टीएवढा केलेला,
त्यावर हिरवा खडू घासलेला,
आणि खडूवर पेन्सिलीने, दाबून:
येऊलालाय.

माझ्या हातात लाल पेन, टोपण दातात.
दुसरीत असताना हाच शब्द मी लिहिला होता,
गुरुजींनी त्यावर काट मारली ती अशी
की पान पलीकडून फाटलं.
घरी फोन केला की अजून तोच तोंडात येतो.
"येत आहे, असं कार्ड आहे की पेटीत," मी म्हटलं.
"त्याच्यात मधी जागा हाय, बाई."
"बरं. कुठवर आलाय मग?"
"चोर्ल्यात. घाटात. रेंज न्हाई."

टोपण लावून टाकलं.
वैजूने चिमटा उघडला, पट्टी अडकवली,
पूर्णविराम द्यायला विसरला
आणि खेळायला पळाला.

मार्चअखेर साहित्याची वही भरायची असते.
रकाना पाच, स्थानिक साहित्य:
दोरी एक. चिंचोके एक डबा.
रताळं एक, खाल्लं.
चिमटे चव्वेचाळीस, पैकी एक मोडका.
क्रियापद एक, वापरात.