खोडलेला मजकूर

नोटिशीचा पहिला मसुदा मीच लिहिला,
रात्रपाळीत, औषधांच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर.
हेडाऊ वकीलबाईंनी सदरच्या ऑफिसात
चष्मा कपाळावर चढवून तो वाचला
आणि लाल पेन काढलं.

'नळाला हात लावला की मुंग्या यायच्या.'
मुंग्या खोडल्या.
वर लिहिलं : विद्युतप्रवाह उतरतो.

'घरमालक भुजाडे म्हणाले, काही नाही होत ना बाई,
चपला घालून आंघोळ करत जा न.'
हे ठेवलं. खाली रेघ ओढली. तारीख विचारली.
तारीख आठवेना.
आठवलं एवढंच, की बोलता बोलता
ते आपल्या कूलरमध्ये पाइपनं पाणी सोडत होते
ओल्या फरशीवर, अनवाणी.

'एकोणीस मे. दुपारचे तीन. पारा सेहेचाळीसवर.
निहारचा हात कूलरच्या जाळीला धरला गेला.
मी पोळपाट घातला त्याच्या मनगटावर,
पोळपाटाचे दोन तुकडे,
आणि तो रडला नाही, हेच मला'
इथून पुढचं सगळं खोडलं.
"मेडिकलचा केसपेपर आहे ना? तो जोडू."

मी म्हटलं, करार अकरा महिन्यांचा,
पहिले सहा सोडता येत नाही म्हणतात. चार झालेत.
त्यांनी करार उजेडाकडे धरला,
जशी मी ड्रिपची बाटली धरते.
"भाडेपट्टा असता तर कलम एकशे आठ सरळ दाखवलं असतं,
राहण्याजोगं उरलं नाही तर पट्टा संपवायचा हक्क भाडेकरूचा.
यांनी कागदावर परवाना लिहिलाय. वाद घालतील.
घालू द्या.
घर सुरक्षित ठेवण्याचं कलम सातमध्ये त्यांनीच लिहिलंय,
सहीही त्यांचीच आहे."

दुसरा रस्ताही होता :
नोटीस देऊन दुरुस्ती आपण करायची, भाड्यातून कापायची.
पण वायरमन इस्माईलभाई म्हणाले होते,
अर्थिंगच नाही पूर्ण बिल्डिंगला, ताई,
तुमची एक खोली मी काय दुरुस्त करू.
त्यांचा टेस्टर भिंतीला लावला तरी पेटायचा,
एवढासा केशरी दिवा,
ओल आलेल्या चुन्यात.
तेवढं त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं. दिवा सोडून.

"आणि जूनचं भाडं भरा," बाई म्हणाल्या.
"भरूनच भांडायचं. चूक आपल्या बाजूला नको."
माझी चार पानं होती, दीड उरलं.
पोचपावतीसह रजिस्टर केलं जीपीओतून.
तिसऱ्या दिवशी भुजाड्यांचा फोन :
"कोर्टकचेरी काहून करून राहिल्या बाई,
घरच्यासारखं होतं आपलं."
मी म्हटलं, हो ना.
दुसरं काही सुचलंच नाही.

किल्ली दोन साक्षीदारांसमोर दिली, पावती घेतली,
रिकाम्या खोलीचे फोटो काढले,
भिंतीवरच्या निहारच्या उंचीच्या खुणांसकट.
डिपॉझिटचं अजून चाललंय.

नव्या खोलीत अर्थिंग आहे. इस्माईलभाईंनी तपासलं.
तरी निहार दाराची कडी, नळ, फ्रिज,
सगळ्याला आधी हाताची मागची बाजू लावतो,
त्यांनीच शिकवलं तसं,
ताप बघतात तसं.
मी अजून चपला घालूनच आंघोळ करते.
नोटिशीत हे कुठं बसतं, विचारलं नाही.