बिनबोभाट

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा.
कार्नार्वन, कौन्सिलची इमारत, तिसरा मजला.
सफाईवाला शेवटची बादली ओतून गेला
आणि मी, मेलेरी, डेस्कटॉप विभाग,
बूट काढून
चारशे सव्वीस खोल्यांत शिरायला बसले आहे.

दार वाजवायचं नाही,
हा पहिला नियम.
आज्ञेच्या शेवटी एक तिरकी रेघ, एक अक्षर,
म्हणजे इन्स्टॉलरच्या ओठांवर ठेवलेलं बोट.
'पुढे' नाही, 'मान्य आहे' नाही,
हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकणार नाही,
कुणी कुणाला विचारणार नाही
तुम्हाला हे हवंय का.

हवंच आहे.
जुना प्लेअर वर्षभर अडखळतोय,
आणि त्याच्या भगदाडांची यादी
दर महिन्याला माझ्या टेबलावर येते.
कागदोपत्री मी चोख आहे.
तरी बोट जरा थबकतं.
दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात रात्री जाऊन
मिठाची बरणी बदलून ठेवावी,
तसं काहीतरी.

पाठवलं.

बेथेस्डाच्या शाळेतून उत्तर: शून्य.
पुल्हेलीच्या नर्सबाईंकडून: शून्य.
शून्य, शून्य, शून्य.
आमच्यात शून्य म्हणजे सगळं ठीक.
(घरी आईला हे पटवता आलं नाही कधी.)
काही यंत्रं तीन हजार दहा म्हणतात:
झालंय, पण एकदा झोपून उठायला हवं.
एखादं सोळाशे अठरा:
थांब, आत आधीच कुणीतरी आहे,
न्हाणीघरातून ओरडावं तसं.

पहाटे दोनला चारशे पंचवीस.

ब्लायनाई ग्रंथालय, खिडकीजवळचं सात नंबर
हूं की चूं करत नाही.
चालू आहे. जुना प्लेअर उघडा आहे.
कुणीतरी एक ध्वनिफीत लावून
एक्केचाळीसाव्या मिनिटाला थांबवून घरी गेलंय.
माझ्याकडे त्यावरही उपाय आहे,
आणखी एक तिरकी रेघ,
मानगूट धरून बंद करणारी.
ती मी टाइप केली.
मग खोडली.
का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.
कॉफी गार झाली होती, एवढं आठवतं.

सकाळी लोवरीला फोन केला. ग्रंथपाल.
"अगं, ते इडवालचं," ती म्हणाली.
"त्र्याऐंशीचा आहे. त्याला बारीक बटणं दिसत नाहीत.
म्हणून मीच आदल्या दिवशी लावून ठेवते.
तो येतो, मोठं बटण दाबतो."
आणि काय ऐकतो?
"खाणकामगारांची कुठलीशी सभा, बासष्टची.
भाषण नाही ऐकत. भाषण त्याला पाठ आहे.
एक्केचाळिसाव्या मिनिटाला
मागच्या बाकावर कुणीतरी खोकतं.
तो त्याचा भाऊ."

अहवालात सात नंबरसमोर
'कारण' नावाचा रकाना होता.
मी लिहिलं, आत आधीच कुणीतरी आहे.
वरिष्ठांनी सही केली. वाचलं नसावं.

पण भगदाड ते भगदाडच.
गुरुवारी बसने गेले.
ज्या डोंगरांनी जगाला छपरं दिली, पाट्या दिल्या,
त्यांचा चुरा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना
अजून तसाच, ओला, जांभळट.
इडवाल खिडकीशी बसला होता, टोपी मांडीवर.
मी खुर्चीमागे उभी राहिले
आणि लाकडी टेबलावर दोनदा टकटक केलं.

म्हटलं, जुना प्लेअर काढून नवा घालायचाय,
चालेल का?

त्यानं मला नीट न्याहाळलं,
माझ्या ओळखपत्रावरचा फोटोही.
चारशे पंचवीस जणांना न विचारलेला प्रश्न
त्याच्यासमोर बराच वेळ पडून राहिला.
मग तो म्हणाला,
"मोठं बटण कुठे ठेवलंय त्यात,
ते दाखव आधी."